पुरं पाकीट

॥ अंबाबाईची कृपा ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १२ एप्रिल २०२०

ती. गणपतमामांस,
सम्राटचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं मान्य. तिकडं मस्कतला व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, साधा फोन महाग, आणि लागला तरी मी दोन मिनिटांत भांडायला लागतो. म्हणून हे पत्र. आईच्या शिलाईच्या बिलांच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर दोष माझ्या कॉलेजचा. तिथं अडीच वर्षांत मी नुसतं दुसऱ्याचं बघून उतरवलं. डिप्लोमाचं शेवटचं अर्धं वर्ष का राहिलं ते तुम्हाला माहीतच आहे, आणि त्या सरांच्या टेबलावर फाइल आपटल्याचा मला अजून पस्तावा झालेला नाही.

आता मुद्दा. परवा सकाळी मी गच्चीवर बसलो होतो. खाली एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथं एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं. वर आभाळात एक विमान नाही. टीव्हीवर एक कोटवाला सांगत होता की परदेशातून घरी येणारा पैसा यंदा जगभर आटणार, असा आटणार की कधी आटला नव्हता. तेवढ्यात खिशात मोबाईल टुंग करून वाजला. तुम्ही पाठवलेले पैसे. मामा, तुम्हीच बघा. जग बंद, समुद्रावर जहाज नाही, गल्लीतनं रिक्षा जात नाही, आणि आठ माणसांचा घाम माझ्या खिशात येऊन वाजला. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. असले आकडे माझ्या खात्यानं जन्मात बघितले नव्हते. आईला दाखवलं तर तिनं मोबाईललाच हात जोडले.

तिकडची पैसे पाठवायची दुकानं बंद, बँकेचं ॲप काय ते तुमच्या एकट्याकडं, म्हणून खोलीतल्या आठही जणांचे पगार माझ्या नावावर टाकले, हे तुम्ही कळवलंत. पण पुढं घरोघरी पोचवायचे कसे हे माझ्यावर सोडून मोकळे झालात. बायकांची खाती तालुक्याच्या बँकेत, बँकेपुढं रांग, रांगेवर पोलिसांचा डोळा. मग मला धैर्यशील आठवला. त्याचा दुधाचा टेम्पो आहे. दूध थांबत नाही, त्यामुळं टेम्पोच्या काचेवर पास. रिकामे कॅन घेऊन जायचं, भरलेले घेऊन यायचं. मी क्लीनर झालो. पैसे घालायला पाकिटंही त्याचीच. या महिन्यात त्याचं लग्न होतं ते पुढं गेलं, आणि गणपती छापलेली पाकिटं पोत्यात पडून होती. वर लिहिलंय, चि. धैर्यशील व चि. सौ. कां. स्वप्नाली. गारगोटीत तुमच्या खोलीतल्या राजवीरच्या आईनं, बाळाबाईंनी, पाकीट हातात घेऊन आधी मला झापलं की असल्या रोगराईत कुणाचं लग्न काढलंय. आत बघितल्यावर मात्र ते देवापुढं नेऊन ठेवलं.

मुधाळ तिट्ट्यावर पोलिसांनी अडवलं. मी हुज्जत घालायच्या बेतात होतो, पण धैर्यशीलनं माझी मांडी अशी चिमटली की अजून काळीनिळी आहे.

प्रभुलिंगकाकांच्या घरी शेवटी गेलो. बसव्वाकाकू दारातच थांबल्या होत्या. त्यांनी मला बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि मला तम्मा म्हणाल्या. त्यांच्या कन्नडमध्ये धाकट्या भावाला तसं म्हणतात. ते ऐकून मला फार बरं वाटलं असं म्हणू शकत नाही, कारण त्यांची लेक शांभवी मागं उभी होती. मागच्या दिवाळीत काकांचं खजूर-अत्तराचं पार्सल मी तिच्या क्लासवर, आपल्या राजारामपुरीत, नेऊन दिलतं, तेव्हापासनं मी असा आहे. क्लास बंद म्हणून ती गारगोटीला परतली आहे. तोंडाला ओढणी बांधलेली, नुसते डोळे दिसत होते. नर्सिंगच्या परीक्षेचं पुस्तक हातात. तिनं विचारलं की मस्कतला मास्क मिळतात का. मी म्हणालो की मिळतात. मामा, मिळतात ना? अंगणात त्यांच्या म्हशीनं पायानं बादली पाडली, तर ती हसली, आणि ओढणीच्या वरनंही कळतं की माणूस हसतंय, हे मला नव्यानं कळलं. काकूंनी ताक दिलं. तिनं तांब्या खाली ठेवला, मी उचलला, मध्ये रीतसर अंतर ठेवून. परतताना भरलेले कॅन वाजत होते आणि धैर्यशील मला काही विचारत होता. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

तुमच्या खोलीतल्या सगळ्यांना माझा नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच असू द्या, उपदेश थोडा कमी करा.

आपला,
सम्राट

*

॥ श्री ॥

मस्कत
ता. २१ एप्रिल २०२०

चि. सम्राट यास,
गणपतमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र खोलीत मोठ्यानं वाचलं. आठ घरांचा हिशेब तू दिलास, त्यातली सात घरं चार ओळींत उरकलीस आणि एका घराची म्हैससुद्धा सोडली नाहीस. हे माझ्या नव्हे, प्रभुलिंगच्या लक्षात आलं.  संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यानं मला विचारलं की तुमचा भाचा कॉलेज पुरं का करत नाही. मी म्हणालो की डोकं गरम आहे. तो म्हणाला की तवाही गरमच लागतो, पण भाकरी टाकणारा पाहिजे. आता याचा अर्थ तूच लाव.

आम्ही बरे आहोत. साइट बंद आहे. कॅम्पच्या फाटकाला कुलूप, आत चारशे माणूस. मास्क मिळतात, तिला सांग. आमच्या खोलीत प्रभुलिंग सगळ्यांत आधी उठतो, अंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि मग आम्हाला लाथा घालून उठवतो. त्याच्यामुळं खोली माणसांची वाटते. राजवीर पोरगा आहे, सारखा रडवेला होतो, त्याला प्रभुलिंगनं खिडकीजवळची आपली खाट दिली.

एक गोष्ट तुलाच सांगतो. कंपनीनं कागद लावलाय की या महिन्यापासून काम सुरू होईपर्यंत निम्मा पगार आणि जेवण. म्हणजे पुढच्या खेपेला घरोघरी निम्मेच येतील. आत्ताच कुणाला सांगू नकोस. आधीच काळजीनं जेवण जाईना झालंय बायकांना. पैसे हातात देताना दारात सांग, आणि मान वर करून सांग. आम्ही काही पाप केलेलं नाही.

ताईला माझा नमस्कार. टेम्पोत मागं उभा राहू नकोस. पोलिसाशी बोलताना धैर्यशीलला बोलू दे. तुझी खुशाली कळत राहावी एवढाच मामाचा हट्ट.

तुझा,
गणपतमामा

*

॥ श्री ॥

मस्कत
ता. ९ मे २०२०

चि. सम्राट यास,
मामाचे अ. उ. आ.

हे पत्र ताईलाही दाखवू नकोस.

प्रभुलिंगला गेल्या आठवड्यात ताप आला. दोन दिवस त्यानं अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसला. ॲम्ब्युलन्स आली, पांढरे झगे घातलेली माणसं त्याला घेऊन गेली. आम्हाला खोलीतच कोंडलं. आमच्या तपासण्या झाल्या, आम्ही सात ठीक आहोत. तो ऑक्सिजनवर आहे. फोन त्याच्याजवळ नाही. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्यानं मला बजावलं की घरी कळवायचं नाही. मागं बसव्वावहिनींचे वडील दवाखान्यात होते तेव्हा त्या नऊ दिवस पाण्याखेरीज काही घेत नव्हत्या, आणि शांभवीची परीक्षा तोंडावर आहे. मी त्याला शब्द दिला.

त्याचा एप्रिलचा निम्मा हाती आलाय, पण इथून पुढं आजारी माणसाला पगार नाही. काम नसलेल्याला निम्मा तरी आहे, आजाऱ्याला तोही नाही. काल रात्री आम्ही सात जण बसलो. चर्चा अशी झालीच नाही. राजवीरनं सगळ्यांत आधी खिशात हात घातला. बाकीच्यांचं त्याच्या मागनं. ठरलं ते असं की त्याच्या घरात काही कमी पडायचं नाही, नेहमी जेवढे जायचे तेवढेच पुरे जायचे. तू बाकी सगळीकडं निम्मे दे. बसव्वावहिनींचं पाकीट पुरं भर. फोनचं विचारलं तर सांग की बादलीत पडला, दुरुस्तीची दुकानं बंद आहेत.

खोटं बोलणं तुला जमत नाही हे मी जाणतो. लहानपणी दुधावरची साय खाऊन तूच येऊन सांगायचास. पण एवढं कर. ममता ठेव, राग ठेवू नकोस.

तुझा,
गणपतमामा

*

॥ अंबाबाईची कृपा ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १३ मे २०२०

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचवले. जसं सांगितलंत तसं.

आता माझं ऐका. हे मला पटलेलं नाही. घरचं माणूस नाकाला नळी लावून पडलंय आणि घरच्या दोघी अंगणात शेवया वाळत घालतायत, आणि मी मधे उभा राहून सांगतोय की फोन बादलीत पडला. शांभवीनं लगेच विचारलं की मग गणपतमामांच्या फोनवरनं का बोलले नाहीत. मी म्हणालो की त्यांच्या फोनला रेंज नसते. ती म्हणाली की रेंज नाही तर पैसे कसे आले. मामा, ही मुलगी अशी आहे. मी धैर्यशीलला हाक मारून उशीर होतोय असं म्हणालो, वास्तविक धैर्यशील पलीकडं गूळ-शेंगदाणे खात निवांत होता. काकूंनी पाकीट उघडून बघितलं, नोटांवरनं अंगठा फिरवला, आणि परत घडी घातली. मला वाटलं निभावलं.

माझा संताप कुणावर आहे तेच मला कळत नाही. तुमच्यावर धरावा तर धरता येत नाही. काल परत येताना मी टेम्पोत मागंच बसलो होतो, सांगितलं असूनही, कॅनला टेकून. डोक्यात एकच घोळत होतं. सात जणांचे निम्मे झालेले पगार. त्यातनं त्यांची स्वतःची घरं. त्यातनं पुन्हा चिमूट चिमूट काढून एक पुरं पाकीट उभं करायचं. मी अडीच वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, हे गणित मला कुणी फळ्यावर सोडवून दाखवलेलं नाही. टीव्हीवरच्या त्या कोटवाल्याच्या तक्त्यात ही सात माणसं कुठं बसतात? तो म्हणतो पगार घटला की घरी जाणारा पैसा घटतो. बरोबरच आहे की. कुठंही असंच होणार. मग हे काय आहे? राधानगरीच्या धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात तेव्हा लहानपणी मी तोंड उघडं टाकून बघत बसायचो. कोण उघडतं, कुठनं जोर येतो. तसं झालंय माझं.

बाकीच्या घरी निम्मे दिले. कुणी तोंड वाकडं केलं नाही. बाळाबाई म्हणाल्या की निम्मे तर निम्मे, राजवीर जेवतो ना एवढं सांग. जाताना माझ्या खिशात चार अंडी घातली. मुधाळ तिट्ट्यापर्यंत ती फुटली हा भाग वेगळा.

काका कसे आहेत ते रोज एका शब्दात कळवत जा. नुसतं बरं किंवा नाही. तुमचा राग आला तरी तुमच्याशिवाय मला कोण आहे, म्हणून माया कमी करू नका.

आपला,
सम्राट

*

॥ श्री ॥

मस्कत
ता. १९ मे २०२०

चि. सम्राट यास,
अ. उ. आ.

रोज एका शब्दात कळवण्यासारखं काही नाही. आहे तसाच आहे. आम्हाला भेटू देत नाहीत. दवाखान्यात केरळची एक नर्स आहे, तिचा नंबर मिळाला, ती ड्युटी संपल्यावर एक मेसेज टाकते. तिनं सांगितलं की त्याच्या गळ्यातलं लिंग काढायला गेले तर शुद्ध हरपत असतानाही त्यानं मूठ सोडली नाही. शेवटी तिनंच ते धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्याच्या मनगटाला पट्टीनं बांधलं. तिला हे काय आहे ते ठाऊक नव्हतं. ती म्हणाली की माणूस एवढा धरून ठेवतोय म्हणजे जपण्यासारखंच असणार. ती पण दर महिन्याला घरी पैसे पाठवते. तिच्या दोन बहिणी शिकतायत. या दवाखान्यात कोण कुणासाठी काय पाठवतंय याचा विचार केला की हिशेबच लागत नाही रे.

तुझा राग बरोबर आहे. पण शब्द दिलाय. खोलीत त्याची वळकटी आम्ही रोज उघडून परत गुंडाळतो, म्हणजे कोंदट वास यायला नको.

ताईला काही बोललो नाही, तूही नको बोलूस. तुझ्या लोभातच हा मामा तग धरून आहे.

गणपतमामा

*

॥ अंबाबाईची कृपा ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. २७ मे २०२०

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कळलं त्यांना. मी सांगितलं नाही. आईची शपथ, मी सांगितलं नाही. तुमच्या पुऱ्या पाकिटानं सांगितलं.

झालं असं. गारगोटीत गिरणीपुढं चुन्याचे गोल काढलेत, बायका डबे घेऊन एकेका गोलात उभ्या राहतात. एका गोलात बाळाबाई, पुढच्यात बसव्वाकाकू. गोलातनं गोलात बोलणं मोठ्यानंच होणार. बाळाबाई म्हणाल्या की सगळ्यांचे निम्मेच आले या खेपेला, कंपनीनंच तसं केलंय, त्या गणपतरावांचा भाचा दारोदार तेच सांगत होता, तुमच्याकडंही म्हणालाच असेल. काकूंनी दळण घेतलं आणि घरी गेल्या.

मामा, तुम्ही सात जण एवढे शहाणे. मी स्वतःला शहाणा समजतो. पण एकालाही सुचलं नाही की सगळीकडं निम्मे आणि एकाच घरी पुरे गेले तर ते घर डोळे मिटून बसेल का. कमी पाठवून माणूस पकडला जातो हे ऐकलं होतं. जास्त पाठवून पकडले गेलेले तुम्हीच.

आज दुधाच्या खेपेला टेम्पो दारात थांबला तशी काकूंनी मला आत बोलावलं. घरात पाट मांडलेला होता. मला बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या की तम्मा, आमचा माणूस सगळ्यांसारखाच कामाला आहे, सगळ्यांना निम्मे तर त्यालाही निम्मेच मिळणार. पुरे आलेत म्हणजे हे पैसे त्याचे नाहीत, दुसऱ्यांचे आहेत. आणि दुसऱ्यांनी माझ्या घरी पैसे घालावेत असं काय झालंय तेवढं सांग.

मी मग सगळं सांगितलं. ताप, जिना, ऑक्सिजन, नर्स, मनगटाला बांधलेलं लिंग. शब्द तुम्ही दिला होता, मी कुठं दिला होता. ते लिंगाचं ऐकल्यावर त्यांनी आपल्या गळ्यातल्याला हात लावला आणि डोळे मिटले. 

शांभवी दारात उभी होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, माझ्यावर उखडली. म्हणाली की मी नर्स व्हायला निघालेय, ऑक्सिजन किती लिटरवर आहे हे मला विचारायला पाहिजे होतं, आणि तुम्ही मला बादली सांगता. पुन्हा या दारात खोटं घेऊन यायचं नाही. एरवी मला कुणी असं बोललं असतं तर मी उलटून दोन सुनावल्या असत्या. पण ती म्हणत होती ते सगळं खरं होतं, आणि रागात ती इतकी सरळ उभी होती की मला माझीच पाठ वाकडी वाटली.

मग काकूंनी तिला वही आणायला सांगितली. त्या सांगत गेल्या, तिनं लिहिलं. काकू लिहायला शिकल्या कन्नडमध्ये, म्हणून अक्षर तिचं आहे. त्या पत्राचा फोटो सोबत. पुऱ्या पाकिटातले निम्मे त्यांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या की सात घरांत वाटून टाक, ज्याच्या ताटातलं त्याच्या ताटात जाऊ दे.

मला काही सुचत नाही. तुम्ही तरी सांभाळून असा आणि भाच्यावर रुसू नका.

आपला,
सम्राट

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

गारगोटी
ता. २७ मे २०२०

श्री. गणपतदादा यांस,
बसव्वाचा शरणार्थी नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण असं की मला सगळं समजलं आहे. सम्राटला रागवू नका. पोरगं तोंडानं तिखट आहे, पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, ते मी आधीच बघितलं होतं.

तुम्ही सात भावांनी माझ्या घरासाठी जे केलं ते मी बोलून दाखवणार नाही. बोलून ते लहान होईल. तुमच्या घरातल्या बायकांना मी ओळखते. त्यांच्या चुलीतलं लाकूड काढून माझ्या चुलीत घातलंत, हे मला सोसणार नाही, म्हणून जास्तीचे परत देत आहे.

माझी एक मागणी आहे. इथून पुढं मला फोनवर काही कळवू नका. फोनवर माणूस धीर द्यायला बोलतो. पत्रातही बोलतो. मला धीर नको आहे, खरं पाहिजे. आणि ते सगळ्यांनी आपापल्या परीनं लपवलं, त्यामुळं आता मला कुणाचा शब्द खरा वाटणार नाही. म्हणून तुम्ही पैशातूनच सांगा. हे बरे होऊन तुमच्यात परत आले, तुमच्यासारखे झाले, की पगार सुरू होईल, तेव्हा त्यांचे निम्मे येतील. निम्मे आले की मी समजेन. अजून आजारी असले तर पुरे घाला, माझ्या समजुतीपुरते, ते मी पुन्हा वाटून टाकेन. आणि काहीच आलं नाही तर काय झालं तेही मी समजेन. सम्राटला रिकाम्या हातानं दारापर्यंत यायला सांगा, आत आला नाही तरी चालेल.

मी जेवते आहे. शांभवी अभ्यास करते आहे. त्यांना शुद्ध असेल तर एवढं त्या नर्सबाईंकडून सांगा. त्या बाईंना माझा शरणार्थी.

तुम्हा सातांना एका आईच्या पोटचे समजून आहे, तसंच समजून असू द्यावं.

आपली बहीण,
बसव्वा

(लिहिणारी शांभवी. मामा, ऑक्सिजन किती लिटरवर आहे आणि सॅच्युरेशन किती, हे मला वेगळं कळवा. अव्वाला सांगणार नाही. मला खरं ऐकायला चालतं.)

*

॥ श्री ॥

मस्कत
ता. ३१ मे २०२०

चि. सम्राट यास,
अ. उ. आ.

वहिनींचं पत्र खोलीत वाचलं. राजवीर उठून बाहेर गेला.  वहिनी म्हणतात तसंच होईल. शांभवीला आकडे पाठवले आहेत, ती काय ते समजेल. तू तिला विचारू नकोस, आणि मलाही विचारू नकोस. पगार झाला की पैसे पडतील, मग कळेल.

लिहायला हात वळत नाही. तुझ्यावर जीव आहेच.

गणपतमामा

*

॥ अंबाबाईची कृपा ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. ११ जून २०२०

ती. मामांस,
सम्राटचा शि. सा. न. वि. वि.

हे दिवस कसे काढले ते सांगत नाही. आईनं दोनदा विचारलं की प्रेमात पडलायस की आजारी पडलायस. मी म्हणालो की काम आहे.

काल सकाळी मोबाईल वाजला. मी बघितलाच नाही. उलटा करून आईच्या मशीनच्या फळीवर ठेवला आणि गच्चीवर जाऊन आलो. मग तुमचा मेसेज उघडला. नावं एकाखाली एक. मी वरनं वाचत गेलो, एकदम खाली बघायचं धाडस झालं नाही. शेवटी प्रभुलिंग. पुढं लिहिलेलं, निम्मे.

मामा, मी जिन्यात बसलो. निम्मे हा शब्द मी कितीदा वाचला याला गणती नाही. पैसे कमी आले म्हणून जिन्यात बसून रडणारा आणि वर हसणारा माणूस कोल्हापुरात मी एकटाच असेन. लगेच शांभवीला फोन करावा म्हणून नंबर काढला. मग काकूंचं म्हणणं आठवलं. शब्दानं नको, पैशानंच. फोन खिशात टाकला. मला ओळखता तुम्ही, पोटात काही राहत नाही. गारगोटीपर्यंत मी दात आवळून बसलो. धैर्यशीलनं विचारलं तर त्यालाही सांगितलं नाही. तिट्ट्यावर हवालदारानं दरडावलं तेव्हा मी त्याला हात जोडून साहेब म्हणालो. धैर्यशीलनं टेम्पो बाजूला घेऊन माझं कपाळ तापलंय का बघितलं.

काकू दारातच होत्या. मी लांबून दिसलो तशा त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या, हाताकडं बघत होत्या. हातात पाकीट आहे एवढं दिसलं तेव्हा त्यांनी चौकट धरली. मग पाकीट घेतलं. कपाळाला लावलं नाही. तिथंच उभ्या उभ्या उघडलं आणि मोजायला लागल्या. शांभवी त्यांच्या खांद्यावरनं बघत होती.  मोजत मोजत त्या निम्म्यावर आल्या आणि नोटा संपल्या. त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. पुन्हा आत बोट घालून बघितलं. माझ्या आयुष्यात मी एवढं मन लावून, पैसे नसल्याची खात्री करून घेणारं माणूस बघितलं नाही.

शांभवी आकड्यांवरनं गेल्या आठवड्यातच समजली होती, हे तिनं नंतर सांगितलं. आईजवळ तिनं चकार शब्द काढला नाही. मी पैसे आल्यापासून गारगोटीपर्यंत गप्प बसलो त्याचं मला केवढं वाटत होतं.

तुमच्या डोक्याला आणखी एक काम. काकूंनी परत दिलेले जास्तीचे कुणीच घेईना. मी सात घरं फिरलो, काकांच्या आजाराचं आणि काकूंच्या अटीचं सांगितलं. बाळाबाईंनी तर दार लावून घेतलं, आमच्या आईनंही तुमच्या वाटचं माझ्याच खिशात परत कोंबलं. राधानगरीच्या बाजूला एका आजोबांनी विचारलं की माझ्या लेकानं दिलेलं परत घेऊन मी त्याला काय तोंड दाखवू. काकूंकडं परत नेले तर त्या हात मागं बांधून उभ्या. मामा, जग पैशामागं धावतंय म्हणतात, मी पंधरा दिवस पैसे घेऊन माणसांमागं धावतोय आणि ते कुणी धरत नाही. सध्या आईच्या तांदळाच्या डब्यात आहेत. राजवीर, तुम्ही, काका, मिळून काय ते ठरवा.

निघताना शांभवी टेम्पोपर्यंत आली. म्हणाली की वाईट बातमी असली तर पाकिटात घालून आणू नका, सरळ मला सांगा, मी ऐकू शकते. मग विचारलं की जन्मभर क्लीनर राहणार का. मी आधीच बंद असलेल्या कॅनचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. धैर्यशीलनं मधेच सांगून टाकलं की डिसेंबरात लग्न धरलंय, तिनं यायचं. कुणाचं ते सांगायला तो मुद्दाम विसरला. तिचे कान लाल झाले. हे मी उगाच लिहीत नाही, मी स्वतः बघितलं.

पण सांगायचं ते हे नाही. पैसे मोजून झाल्यावर काकू आत गेल्या नाहीत. पदर खोचला, पाकीट हातात तसंच, आणि गल्लीत चालायला लागल्या. तोंडाला फडकं बांधायचंही भान नव्हतं. पहिल्या दाराशी थांबून म्हणाल्या, मग दुसऱ्या, मग बाळाबाईंच्या. माणसं खिडक्यांतनं, जोत्यावरनं, लांबून ऐकत होती. एकच सांगत होत्या, आमचेही निम्मेच आले. बाळाबाईंनी दार उघडलं, ऐकलं, आणि साखरेचा डबा घेऊन बाहेर आल्या. लांबूनच एक एक जण ओंजळ पुढं करत होता आणि त्या वरनं साखर सोडत होत्या. काकू पुढच्या दाराकडं निघाल्या होत्या. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज येत होता, निम्मेच आले, सगळ्यांसारखे, निम्मेच.

काकांना सांगा.

तुमच्या खोलीतल्या आठही जणांची सावली आमच्यावर अशीच असावी.

आपला,
सम्राट